पिकगार्ड मीच बदलणार

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.
ठरलं. पिकगार्ड मी स्वतः बदलणार.
गिटारच्या भोकाखालची ती काळी पट्टी. तारा छेडायचं पिक घासून लाकूड खरवडू नये म्हणून असते. माझी पार कामातून गेलीय. कडा वर वळल्यात, मधे भेग, आणि खालच्या टोकाला करंगळी बसेल एवढा खळगा. एकतीस वर्षं गॅसचा ट्रक हाकला, तरी हातात हा जोर!
ओलीटाला खळगा दाखवला. म्हटलं, बघ, याला म्हणतात उजवा हात. ती 'हं' म्हणाली आणि बिस्किटांचं पीठ मळत राहिली. काही बायकांना नवऱ्याचं कौतुक करणं जमतच नाही.
पंचवीस तारखेला सफरचंदाची जत्रा. आमचा बँड वाजवणार, 'हेझल गॅप बॉइज'. कॉय बँजोवर, बर्ल फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, मी गिटारवर. ते दोघे तुरे खोवतात. गाडी ओढतो माझा हात.

४ ऑक्टोबर.
कॉयच्या दुकानात सहज डोकावलो. वाद्यं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि आमची दोस्ती दुसरीच्या वर्गापासूनची. तो म्हणाला, दे माझ्याकडे. हेअर ड्रायरनं हळूहळू गरम करून काढावी लागते, घाई केलीस तर लाकूड सोलून येईल.
म्हटलं, बघतो.
जळतो माझ्यावर. पूर्वीपासून.

६ ऑक्टोबर, सोमवार.
हेअर ड्रायरनं केस वाळतात. माझ्याकडे भिंतीचा जुना रंग उकलायची गरम हवेची बंदूक आहे.
दुपारी २.१०. सुरुवात.
२.१४. पट्टी निघाली! चार मिनिटांत! कॉय यालाच दोन दिवस लावतो.
२.१५. पट्टीबरोबर थोडं लाकूडही आलंय. आगकाडीएवढं. पॉलिशला फोड आलेत. गोंद फार चिवट होता, कारखान्याची चूक.
ती काडी लाकडं जाळायच्या स्टोव्हमध्ये टाकली. तेवढ्याशा काडीचं काय करायचंय.

८ ऑक्टोबर.
नवी पट्टी तयार. आयडिया ऐकून कॉयचं तोंड पडेल. फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध' ही प्लॅस्टिकची पाटी काढली. मागून काळी कुळकुळीत. आमच्या कुत्र्यापासून सावध राहायची गरज कोणालाच नव्हती, तो चोरालाही शेपूट हलवतो. जुनी पट्टी अक्षरांच्या बाजूवर ठेवून पेन्सिलीनं आखली आणि कापली. तंतोतंत!
मग अक्षरं खाली जावीत म्हणून उलटी केली, तर आकारही उलटा झाला. बाक भोकाकडे हवा, तो पलीकडे गेला.
अर्धा तास विचार केला. म्हटलं, असं कोणाकडेच नसेल. ट्रकच्या दाराचं रबर चिकटवायचा गोंद होता, त्यानं चिकटवली.
ओलीटा बघून म्हणाली, डावखुऱ्या माणसासाठी आहे का रे ही?
मी पट्टी अंगठ्यानं आणखी दाबली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेहमीची बैठक. चाळीसेक माणसं. दुसऱ्या गाण्यात मी रंगात आलो, आणि पट्टी निघून कडेला ओघळलेल्या गोंदानं माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटली. अक्षरांची बाजू लोकांकडे.
बर्लनं वाजवणं थांबवलं आणि मोठ्यानं वाचलं, कुत्र्यापा.
सगळा हॉल हसला. बर्लला फिडल खाली ठेवावं लागलं. ओलीटाही हसली. डोळे पुसत होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली आमच्या.
गोंद शिळा असणार.

११ ऑक्टोबर. दुपारी.
गिटार आणि जुनी पट्टी घेऊन कॉयकडे गेलो. कॉयनं गिटारकडे बराच वेळ पाहिलं. ती सुटलेली काडी कुठंय, असं विचारलं. सांगितलं. तो डोकं धरून स्टुलावर बसला.
मग त्यानं जुनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. मी खळगा दाखवला, म्हटलं, बघ, हाताची ताकद. कॉय म्हणाला, व्हर्लिन, हा तुझा नाही.
म्हटलं, म्हणजे?
तो म्हणाला, लेका, तू पिक मुठीत धरून हवेतून दणके देतोस. तुझा हात इथं टेकतच नाही. हे करंगळी टेकवून बोटांनी वाजवणाऱ्याचं काम आहे. हे ओरखडेसुद्धा नखांचे आहेत बघ, बारीक, गोल. वीस वर्षांचे तरी असतील.
विचारलं, कोणाची करंगळी?
कॉय गोंदाची बाटली शोधायला लागला. ती समोरच होती. म्हणाला, घरी विचार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
विचारलं.
ओलीटानं ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाली, माझी.
मी ट्रकवर असताना ती वाजवायची. रोज. आणि गेली अकरा वर्षं दर मंगळवारी कॉयच्या दुकानात, कॉय आणि बर्लबरोबर. मला वाटायचं, ती चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. तसं कोणी म्हटलं नव्हतं, पण मंगळवारी बायका दुसरं काय करणार? घरात एकही नवी गोधडी आली नाही, हे आत्ता लक्षात आलं.
म्हटलं, मला सांगायचं होतंस.
ती म्हणाली, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू 'वा' म्हणालास आणि ग्रेव्ही मागितलीस.
मला आठवत नाही. म्हणजे सांगितलेलं नाही.

१२ ऑक्टोबर.
दगा देणारे: बायको, जुना दोस्त, बर्ल. कुत्रासुद्धा. मी वाजवायला बसलो की तो अंगणात जाऊन रडतो. ओलीटा म्हणाली, माझ्या पायाशी झोपतो. गिटारही त्यातलीच. दिवसा एकीची, संध्याकाळी दुसऱ्याची.
आजपासून कोणाशी बोलणार नाही.

त्याच दिवशी, चाळीस मिनिटांनी.
ॲपल बटरच्या बरणीचं झाकण निघेना, त्यामुळे बोलावं लागलं. तिनं एका पिळात काढलं. ते हात माझ्या पिकगार्डवर कमावलेले आहेत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
कॉयचा फोन. नवीन लाकूड बसवायचं, पॉलिश करायचं, सहा आठवडे. म्हटलं, जत्रेत मी दुसरी गिटार घेऊन वाजवीन. तो खोकला. म्हणाला, जत्रेसाठी आम्ही ओलीटाला विचारलंय.
विचारलं, बॉइजमध्ये बाई कशी चालेल? तो म्हणाला, पोस्टरवर एक ओळ वाढवू.
संध्याकाळी ओलीटा समोर येऊन बसली. म्हणाली, व्हर्लिन, मला जायचंय. पण तू नको म्हणालास तर नाही जाणार.
इतक्या वर्षांत तिनं कशासाठी असं विचारल्याचं आठवत नाही. तिचा हात टेबलावर होता. करंगळीच्या टोकाला घट्टा आहे. मी आजवर पाहिला नव्हता.
मी 'जा' म्हटलं. पण 'नको'च्या सुरात.
तिनं शब्द ऐकला, सूर ऐकला नाही. आणि म्हणे हिला संगीत कळतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार.
जाणार नव्हतो. पण तिला गाडीतून सोडायला कोणी तरी हवं होतं. सोडून लगेच परत येणार होतो, पण पार्किंगमधे गाडी अडकली. (मागून बाहेर पडायला वाट होती. ती नंतर दिसली.)
मागे खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिलो. चेहरा दगडासारखा ठेवला.
ती हळू वाजवते. आधी वाटलं, घाबरलीय. मग बर्लचं फिडल ऐकू आलं. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी उभा आहे, पण तो असा वाजवतो हे मला माहीत नव्हतं. म्हातारी माणसं नाचायला उठली आणि गाणं संपेपर्यंत नाचली. माझ्या वेळी दोन कडव्यांत खाली बसतात. मला वाटायचं, भारावून.
माझा पाय हलत होता. थंडीनं.
सफरचंदाच्या सायडरच्या टेबलावरची बाई म्हणाली, तुम्ही ओलीटाचे मिस्टर ना? नशीबवान आहात.
नंतर कॉयला गाठलं. म्हटलं, मी घाई करतो हे तू कधी का सांगितलं नाहीस? तो बँजो पेटीत ठेवत म्हणाला, सांगितलं असतं तर तू यायचं बंद केलं असतंस. आणि तू आलास की मजा यायची, लेका. दमायचो, पण मजा यायची.
म्हणजे इतकी वर्षं मला खूश ठेवायला हे माझ्यामागे धावत होते. याहून मोठा दगा काय असतो?
परत निघालो. ओलीटा गुणगुणत होती. घर जवळ आलं तेव्हा म्हटलं, बरं वाजवलंस. ती खिडकीतून बाहेर बघत बसली. बहुतेक रडत होती. मी वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
गिटार आली. नवी पट्टी, कासवाच्या पाठीच्या रंगाची, बाक योग्य बाजूला. जोड शोधूनही सापडत नाही. कॉयनं गिटार ओलीटाच्या हातात दिली. मी शेजारीच उभा होतो, हात पुढे करून.
आता योजना अशी: रोज दोन तास सराव. वसंतापर्यंत बँडमध्ये परत. हळू वाजवायचं म्हणजे काय मोठं? जोरात वाजवणाऱ्याला हळू येणारच.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४.
ओलीटा म्हणाली, चल तू पण. गेलो.
कॉयच्या दुकानात एक जुनी गिटार दिली त्यांनी मला. पहिल्या गाण्यात मी सगळ्यांच्या आधी पोचलो. दुसऱ्यात ओलीटानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पायानं ताल धरून दाखवला. चार ओळी बरोबर राहिलो. चार पूर्ण. मग हात सुटला.
कोणी हसलं नाही. बर्लसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
तिसऱ्या गाण्याआधी कॉय म्हणाला, व्हर्लिन, स्टोव्हमध्ये जरा लाकडं घालतोस का, थंडीत गोंद धरत नाही.
घातली. गिटार भिंतीला टेकवली. तिथंच एक खुर्ची आहे, तिच्यावर बसलो. तिथून ओलीटाचा उजवा हात नीट दिसतो.
पुढची पाच गाणी मी स्टोव्ह बघितला. दिसतं तेवढं सोपं काम नाही ते.