हद्दीबाहेरचा राखणदार

बाबा, गेल्या महिन्यात एका आंतरराष्ट्रीय कराराची बातमी लिहिली. भ्रष्टाचार किंवा फसवणूक करून कोणी परदेशात पळाला, तर तिथल्या सरकारने त्याला शोधायला आणि परत पाठवायला मदत करायची, असा करार. डेस्कवरच्या पोराने विचारलं, "मॅडम, यात आपल्या वाचकाला काय?" आणि मला मालवणचं आपलं स्वयंपाकघर आठवलं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. तारकर्लीची ती बाई मागच्या दाराने येते, बांगडे आईच्या हातात देते आणि उंबऱ्याशी बसते. मुलाला आखातात पाठवतो म्हणून एका एजंटाने तिचे दागिने विकायला लावले आणि पैसे घेऊन तो स्वतःच तिकडे पळाला. त्याला परवाना देणाऱ्या साहेबालाही त्यातला वाटा पोचला होता. तुम्ही आत येत म्हणालात, "वकिलाक मासे दिले तर फी, सायबाक दिले तर लाच." आई म्हणाली, "आणि माका दिले तर रातच्या जेवणाक तिखला." बाईसुद्धा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

तुम्ही तिची केस फुकट चालवलीत. वॉरंट निघालं, पण दिल्लीहून उत्तर आलं की त्या देशाशी आपला तसा करार नाही. मग ती म्हणाली, देवळात गाऱ्हाणं घालूया. देवाधर्मात न पडणारे तुम्ही, तिच्याबरोबर गेलात. मीही आले. गाऱ्हाणं घालणारे गावकर, देवळाचे मानकरी, मात्र अडून बसले. "वकिलानू, आमचो राखणदार देव गावच्या हद्दीभायर जाणा नाय. शेजारच्या गावचो आसलो तर नाव घेवन तेका सांगूक येता. थंय आखातातल्या राखणदाराचा नाव माका खंय ठावक?"

तुम्ही खो खो हसलात. "दिल्लीवाल्यांनी माका ह्याच उत्तर इंग्रजीत कळवल्यानी." मग गावकरांना बाजूला बसवून वाट काढलीत, कोर्टात काढायचात तशी. नाव ठाऊक नसेल तर पदाने हाक मारायची. आणि गावकरांनी खड्या आवाजात सुरुवात केली, "जो कोण थंयचो राखणदार आसात, तेका आमच्या राखणदारान सांगूचा, ह्या बायेक ठकवणाऱ्याक हडे धाडून दी रे म्हाराजा." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. तुमचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तो आला नाही. तुम्ही शेवटपर्यंत तारखांना जात राहिलात. छातीत दुखायला लागलं तेव्हाही कोटाच्या खिशात पुढची तारीख होती. एजंट तिकडेच म्हातारा होऊन वारला, हे मला गेल्या वर्षी कळलं. नवा करार त्याच्यापर्यंत कधीच पोचणार नाही.

परवा तारकर्लीला गेले होते. मुलाने बांधलेल्या पर्यटकांच्या खोल्यांपुढे ती माडाखाली बसली होती. नजर अधू झालीय, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. "वकिलांची केस चलता मां गो?"

इतकी वर्षं मी खात्री केल्याशिवाय एक ओळ छापू दिलेली नाही. तिला जे सांगितलं त्यावर तुम्ही उलटतपासणीत मला दोन मिनिटांत उघडं पाडलं असतंत, म्हणून तुम्ही असतात तरी हे पत्र पाठवलं नसतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "चलता काकी. आता थंयचा सरकार पण शोधता तेका."