रश्श्यात मऊ पडलेला ग्लास

वाशिंद, रविवार, मे १९९८

आज सापगावच्या हळदीत लोकांनी माझ्या कारखान्यात थंड सरबतासाठी बनवलेल्या ग्लासांत मटणाचा उकळता रस्सा ओतला. पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकचा ग्लास गुपचूप मऊ पडला आणि रस्सा नवरीच्या आजोबांच्या मांडीवर! म्हातारा कळवळत म्हणाला, "अरे, ग्लास हाय का भिजलेला पापड रे तुजा?" सगळे हसले. मला घाम फुटला.

दाबल्यावर कर्रकन वाजला की ग्लास पक्का, अशी माझी पारख! पॉलिप्रॉपिलीन या लवचीक प्लॅस्टिकचा वाजत नाही, म्हणून त्याचा नमुना मीच नाकारला होता. घरी येऊन त्या नमुन्यात उकळतं पाणी ओतलं. जसाच्या तसा उभा. कानांवर कसला भरवसा ठेवला मी?

उद्या मुरबाडला हळद आहे. कर्रकन वाजणारे ग्लास तिथं पोचलेत. ते परत आणायला पहाटेच निघतो. रस्सा तिथंही असणारच.