सतरा की एकोणीस

२ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. सर्पालयाच्या मागेच खोली मिळाली. खिडकीत भरपूर ऊन, लिहायला भक्कम टेबल. सात नंबरच्या पेटीतल्या विषारी सापाची पोटजात ठरवायची, डोंगरी की किनारी, एवढंच माझं काम. दोन्हींचं प्रतिविष वेगळं. एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. साप आणि औषधांचं कपाट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी माझी खोली आधीच झाडून ठेवली होती. लाख बाई!

४ तारीख, बुधवार
वरून पाहिलं तर दोन्ही पोटजाती एकीला झाकावं, दुसरीला काढावं अशा. अंगाच्या मधोमध खवल्यांच्या रांगा सतरा असतील तर डोंगरी, एकोणीस असतील तर किनारी. ताईंनी सात नंबरची कात आणून दिली. भिंगाखाली तीनदा मोजली. एकोणीस. ‘किनारी’ अशी पाटी लावली. ताईंनी विचारलं, सर नेहमीच असं मोजून सही करतात का? मी म्हटलं, अर्थात.

५ तारीख, गुरुवार
खोटं बोललो. जुन्या जागी एकदा नुसत्या काचेतून पाहून ‘किनारी’ लिहिलं होतं. पेटी साफ करणाऱ्या माणसाला तोच साप चावला. किनारीचं प्रतिविष टोचलं. साप डोंगरी होता. चौकशीत खापर फुटलं मेलेल्याच्याच डोक्यावर, निष्काळजी म्हणून. मी तोंडातून ब्र काढला नाही.

७ तारीख, शनिवार
ताईंच्या टेबलावर त्या मेलेल्या माणसाचा फोटो. पाठचा भाऊ माझा, म्हणाल्या. फोटोमागे घडी घातलेला कागद, जुन्या जागचा, ‘किनारी’ लिहिलेला. खाली माझी सही.

८ तारीख, रविवार
राजीनामा लिहिला. सगळ्यांना सुट्टी. फाटकाला कुलूप, किल्ली ताईंकडे. फोन सापडत नाही.

दुपार
टेबलाचा खण उघडला— सात नंबरचा साप— उजव्या हाताला चावला—
दार बाहेरून बंद. ताई खिडकीच्या गजांपाशी. हातात दोन कुप्या. ती कात कुठल्या पेटीतली होती ते विसरल्या म्हणतात.
एकच कुपी देणार. कुठली, ते मी लिहायचं. खाली सही.

डाव्या हातानं लिहितोय. पापण्या जड. साप कोपऱ्यात. रांगा मोजतोय— नऊ, दहा— हलला— पुन्हा—
ताई म्हणतात, सर, मोजायचं कशाला? तेव्हा कुठं मोजलं होतंत?

डोंगरी. लिहिलं. सही केली.
ताई कुपी उचलतायत— हसल्या का?
नाही, थांबा, खोडतो— ताई, कि