पोझ मोडू नये म्हणून

३ मार्च, मंगळवार
आजपासून पूर्णवेळ चित्रकार. ऑफिसचा ताप एकदाचा संपला. मागची खोली आता स्टुडिओ. बायकोला तिथे तिच्या वडिलांना आणायचंय. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, गुडघे कुरकुरतात. सहानुभूती आहे, पण चांगला उजेड त्या एकाच खोलीत येतो. शेवटी तह झाला: पंधरा तारखेच्या प्रदर्शनात माझं चित्र लागलं तर खोली माझी, नाहीतर सासऱ्यांची. बायको जरा घाईनेच हो म्हणाली. बिचारी.
तत्त्व ठरवलं. जे दिसेल तेच रंगवायचं. मनाचं काही घालायचं नाही.

५ मार्च
निसर्गचित्र सुरू. खिडकीतून झाड दिसतं, झाडापुढे आमची दोरी, दोरीवर कपडे. तत्त्व म्हणजे तत्त्व, कपडे रंगवले. निळा शर्ट फारच जमत आला होता, तेवढ्यात मुलगी तो घालून कॉलेजला गेली. चित्र होईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद.

६ मार्च
बायको म्हणते, टॉवेलही दोरीवरच आहेत, अंग कशाने पुसायचं? कलेसाठी एवढंही सोसवत नाही यांना. सगळे कपडे आत गेले. जाऊ दे. निसर्गात तसंही नाट्य कमीच.

८ मार्च, रविवार
विषय बदलला: रोजचं जगणं. कॅनव्हास तोच. बायको चहा ओतत होती. म्हटलं, अशीच थांब. थांबली. चहा थांबला नाही. कप भरला, बशी भरली, ओटा भरला. मी ओटा रंगवायला घेतला, तर तिने तो फडक्याने पुसला. त्याच हाताने कॅनव्हासही.

१० मार्च
निष्कर्ष: हलत्या माणसांच्या भरवशावर कला होत नाही. आमच्या गोतावळ्यात न हलणारा माणूस एकच, सासरे. फोन केला. फक्त पोझसाठी, हे बजावलं. आले, खुर्चीत बसले, डोळा लागला. ढिम्म हलले नाहीत. मॉडेल असावं तर असं! संध्याकाळी बायकोने विचारलं, बाबांना उठवून घरी सोडू का? खबरदार म्हटलं. पोझ मोडेल.

११ मार्च
सासऱ्यांची मान कलली. कंपोझिशन गेलं. खुर्चीपेक्षा पलंग बरा, म्हणून मुलीला हाताशी घेऊन हॉलमधला पलंग आत नेला. मागची भिंत बोडकी वाटत होती, सासऱ्यांच्या घरून त्यांचं कपाट मागवलं. पुढच्या बाजूला काहीतरी हवं होतं, तिथे त्यांच्या औषधांचं टेबल. बायको न बोलता मदत करत होती. कलेची जाण येतेय हळूहळू.

१३ मार्च
सासऱ्यांना रंगाच्या वासाने ठसका लागतो. ठसका म्हणजे हालचाल. माझं सगळं सामान ताबडतोब पॅसेजमध्ये काढलं. दारातून खोलीची खोली उलट छान कळते.

१५ मार्च, दुपार
चित्र लागलं! आयोजक बाईंनी चित्राचं नाव कार्डावर लिहून मागितलं. ठळक अक्षरांत लिहिलं: 'बाबांची खोली'. जे दिसतं तेच. आता घरी जाऊन बायकोला तहाची आठवण करून द्यायची.

संध्याकाळ
बायकोला तह पाठ आहे. मी जिंकलो हेही कबूल. पण तिने मोबाईलवर मुलीने प्रदर्शनातून पाठवलेला माझ्या कार्डाचा फोटो दाखवला.
"खोली कुणाची ते तुम्हीच लिहिलंय. अक्षरही तुमचंच."
म्हटलं, ते चित्राचं नाव आहे. तर म्हणाली, मग तुम्हीच सांगा बाबांना तसं.
गेलो सांगायला. सासरे कपाटात घड्या लावत होते. मला दारात बघून पलंगावर जरा सरकले.
"या, जावईबापू. बसा ना. संकोच नको, आपलंच घर समजा."
थोडा वेळ बसलो. त्यांनी पाणी विचारलं. मग उठलो.