पदवीआधी मनोरा चढू नये

गुरुवार, ७ मे २००९
परवा ओर्नेल्ला आणि लोरिस येणार, फेराराहून. दिवसभर गाव बघायचं. दोघं इथेच माझ्याबरोबर शिकले, पण बोलोन्या बघितलं नाही. त्या वयात माणूस फक्त खानावळी बघतो. मार्ग मी आखतोय. माझ्याएवढं हे गाव कुणाला माहीत आहे?

ओर्नेल्ला आता एकटी असते. नवरा गेला मिलानला, कायमचा. शनिवारी संध्याकाळी तिला विचारणार: माझ्याकडे राहायला ये. ती हो म्हणेल. माझ्या भाषणांची ती पहिली श्रोती.

शुक्रवार, ८ मे
लोरिसचा फोन. म्हणे, सकाळी आधी असिनेल्ली मनोरा, ऊन चढायच्या आत. मी म्हटलं, बघू.

इथल्या विद्यार्थ्यांची एक समजूत आहे. पदवीआधी या मनोऱ्यावर चढलं की पदवी कधीच मिळत नाही. युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठात, एकविसाव्या शतकात! या बिनडोकपणाविरुद्ध मी गेल्या हिवाळ्यात वाचनालयात तासभर बोललो. श्रोते सहा, पण पेटलेले. माझ्या प्रबंधाचा विषयच लोकभ्रमांचा इतिहास. प्रबंध जवळपास पूर्ण आहे. प्रस्तावना, मधली प्रकरणं आणि समारोप राहिलेत. एक परीक्षाही.

पदवी मिळाली की इथे माणूस 'दोत्तोरे' होतो. मला कोपऱ्यावरचा कॉफीवाला आत्तापासूनच म्हणतो. लोकांना पुढचं दिसतं. ओर्नेल्ला आणि लोरिसनाही मी सत्त्याऐंशी सालीच पदवी झाल्याचं सांगून टाकलंय. उगाच वाट बघायला का लावायचं?

मनोऱ्याचा प्रश्न वेगळा. मी घाबरत नाही. मला गुडघा आहे.

निर्णय: मनोरा शेवटी ठेवायचा. पाचला बंद होतो. आपण सव्वापाचला पोचू आणि हळहळू.

शनिवार, ९ मे, सकाळी
दोघं आले. ओर्नेल्लाने केस पांढरे ठेवलेत, शोभतात. लोरिसचं पोट वाढलंय आणि जीभही. "काय वक्ते, छत्र्यांचा धंदा कसा चाललाय?" मी भावाच्या दुकानात बसतो. सगळं गाव रस्त्याकडेच्या छतवाल्या कमानींखालून कोरडं चालतं आणि आम्ही छत्र्या विकतो. ती भावाची चूक आहे, माझी नाही.

सान पेत्रोनियोसमोर मी अर्धा तास बोललो. एवढं थोर देऊळ आणि दर्शनी भिंत खाली संगमरवरी, वर नुसत्या विटा. शतकानुशतकं अपुरी! मी म्हणालो, अपुरेपणातच भव्यता असते. पूर्ण होतात त्या क्षुद्र गोष्टी.

लोरिस म्हणाला, "म्हणजे या देवळाचाही एक पेपर राहिलाय तर."

ओर्नेल्ला खाली बघून हसली. काय कळलं तिला, देव जाणे.

दुपारी
जेवण लांबवलं. ताल्यातेल्ले, मग चीज, मग दुसऱ्यांदा कॉफी. लोरिस घड्याळ बघायला लागला की मी शरीररचनेच्या जुन्या सभागृहाबद्दल बोलायला लागायचो. शेवटी तो म्हणाला, "अरे, तिथे जेवढा वेळ मुडदे फाडत नसतील तेवढा तू आम्हाला फाडतोयस. ऊठ."

मग कालवा दाखवला, मग सात चर्चं. एक चर्च चुकून दोनदा.

संध्याकाळी
सव्वापाचला मनोऱ्याशी. उघडा! उन्हाळ्यात सहापर्यंत असतो म्हणे. आयुष्य इथे गेलं, पण असल्या गोष्टी कुणी सांगत नाही.

मी गुडघा धरला. लोरिस म्हणाला, "सकाळपासून गावभर पळवलंस तेव्हा गुडघा कुठे ठेवला होतास?" आणि तिकीट घेऊन वर गेला.

ओर्नेल्ला थांबली. म्हणाली, "एर्मेते, मला माहीत आहे. तुझ्या डोक्यावर मी पदवीचा तमालपत्राचा मुकुट घातला ना, त्याच दिवसापासून. त्या संध्याकाळी सगळे नवे पदवीधर ओरडत या मनोऱ्यावर चढले. तू खाली आमचे कोट सांभाळत उभा होतास."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, होईल पदवी. मग माझं लग्न झालं." वर मनोऱ्याकडे बघत म्हणाली, "आज माझ्याबरोबर वर चल. ती पदवी राहू दे इथेच खाली. वरून उतरलास की मी आज फेराराला जाणार नाही."

म्हणजे मला विचारावंच लागलं नाही! तिनेच उत्तर दिलं!

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. लाकूड करकरलं. प्रबंध डोळ्यांसमोर आला. समारोप तर किती सुंदर सुचला होता! शिवाय हा तत्त्वाचा प्रश्न होता. भावनेच्या दडपणाखाली चढलेला माणूस स्वतंत्र नसतो. जगातली प्रत्येक गुलामी अशाच एका पायरीने सुरू झाली आहे.

मी म्हणालो, ऑक्टोबरपर्यंत थांब. एकच परीक्षा आहे.

तिने जाकीट काढून माझ्या हातात दिलं. "सांभाळ. सवय आहे तुला."

दोघं वर बराच वेळ होते. आठच्या गाडीने गेले.

रविवार, १० मे
विचारांती दिवस यशस्वी. मी अंधश्रद्धेपुढे झुकलो नाही. चढलो असतो तर लोक म्हणाले असते, बाईसाठी चढला. ऑक्टोबरमध्ये पदवी घेऊन फेराराला जाईन.

सोमवार, ११ मे
विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या मुलीने मला नुसतं 'सिन्योर' म्हटलं. सोडून दिलं. ती म्हणाली, "सलग आठ वर्षं परीक्षा दिली नाही की नाव निघतं. तुमचं पंचाण्णवला निघालं. कुणी सांगितलं नाही?"

म्हणजे चौदा वर्षं मी कधीही चढू शकलो असतो.

तिथूनच ओर्नेल्लाला फोन केला. म्हटलं, आनंदाची बातमी. पदवीचा आता प्रश्नच नाही, नाव कधीच निघालंय. शनिवारी ये, वर जाऊ.

पलीकडे शाळेची घंटा वाजली, मुलांचा गलका आला. ती म्हणाली, "आता तुला काहीच सोडायचं नाहीये, म्हणून चढतोस होय? मग माझी काय गरज? तू एकटा जा." आणि तिला वर्गावर जायचं होतं.

मंगळवार, १२ मे
दुकान लवकर बंद केलं. मनोऱ्यापाशी गेलो. तिकीट काढलं. लोकांना दिसायला हवं, विवेकवादी माणूस कसा ताठ चढतो ते.

पायरीशी आठवलं: कचेरीतली मुलगी म्हणाली होती, नव्याने नाव घालता येतं. सप्टेंबरपासून. पहिल्या वर्षाला.

परत आलो. आत्ताच कशाला धोका पत्करायचा?