हरतालिकेला मोजलेला मेंदू

ती. शांतामावशी,

डोंबिवलीहून रसिकाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? खरं सांग, मागच्यासारखं "ठीक" म्हणून फोन ठेवू नकोस.

माझं म्हणशील तर माझा मेंदू कमी झालाय. म्हणजे कल्याणचा कॉम्प्युटर तसं म्हणतो. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांचा मेंदू जरा भरभर आकसतो, म्हणून माझे डॉक्टर दरवर्षी एमआरआय काढून मागच्या मापाशी ताडून बघतात. (वयाप्रमाणे सगळ्यांचाच कमी होतो. सुधीरचाही होत असणार, पण नवऱ्यांचा कोण मोजतं?) यंदा फरक जास्त निघाला. मला मशीनचा संशय, दुसऱ्याच कुणाचा मेंदू माझ्या नावावर लावला असेल. सासूबाईंना डॉक्टरांचा संशय, "आटायला ती काय विहीर आहे?" आणि सुधीरला माझा. मी गॅस बंद केला की हा मागून जाऊन बघून येतो. परवा साळसूदपणे विचारतो, "काल भाजी कुठली होती गं?" मी म्हटलं, तूच सांग, दोनदा वाढून घेतलीस.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, एमआरआयच्या दिवशी पाणी प्यायला होतात का? कुठलं पाणी! हरतालिका होती, निर्जळी उपास. त्यांनी कपाळाला हात लावला. अंगात पाणी कमी असलं तर मेंदूही लहान दिसतो म्हणे. तेव्हा आत्ताच कडक औषध सुरू करायला नको, येत्या गुरुवारी भरपूर पाणी पिऊन त्याच मशीनवर पुन्हा मोजू. घरात आनंदीआनंद. सुधीर बाटली घेऊन माझ्या मागे फिरतोय. सासूबाईंनी बजावलंय, "आमच्या उपासाने मेंदू वाळला असं सोसायटीत सांगत सुटू नकोस हो."

तब्येतीला जप.

तुझी
रसिका

ता.क. गुरुवारी ठाण्याहून कल्याणला येशील? सुधीर येणारच आहे, तरी तू ये.

ता.क. आणखी एक. तपासणी आम्ही दरवर्षी गणपती यायच्या आत उरकतो. काल मखराचा खोका माळ्यावर टाकताना लख्ख आठवलं, मागच्या वर्षीही हरतालिकाच होती. तेव्हाही थेंब नव्हता पोटात. म्हणजे दोन्ही मापं कोरडीच, आणि फरक तरीही आहे. डॉक्टरांना गुरुवारी सांगेन. सुधीरला कसं सांगू? बायकोला एवढं सगळं आठवतंय म्हटल्यावर तो आधी खूशच होईल गं.