पातं उभं कोणी केलं?

१३ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा हवा गेली! काल संध्याकाळी टाकी भरून ठेवली होती, आज सकाळी काटा तळाला. या विमानाचं सगळं हवेवर चालतं — इंजिन सुरू करायचं तर दाबाची हवा, ब्रेक हवेवर, चाकं आत घ्यायची तीही हवेवर. हवा नसेल तर ते नुसतं पत्र्याचं कपाट. चाळीस वर्षांचं रशियन कपाट.

मालक दोघे. एक माझा नवरा अभय, दुसरा त्याच्या बँकेतला मित्र अनिमेष. दोघांनी मिळून हौस केली आणि ती निस्तरायला मी — कारण मी आठवडाभर इथेच सेलेटार विमानतळावर लोकांची बिझनेस जेट्स दुरुस्त करते, माझ्याकडे परवाना आहे, आणि मी फुकट आहे. अनिमेष मला इंजिनिअर म्हणत नाही. वहिनी म्हणतो. ‘वहिनी, जरा बघता का?’ — आमटीत मीठ कमी पडल्यासारखं!

आज त्याने स्वतःच निदान केलं. ‘ह्युमिडिटी असणार, वहिनी.’ सिंगापुरात काहीही बिघडू दे, या लोकांच्या मते ह्युमिडिटीच. हे बोलताना अंगात चामड्याचं जॅकेट. बत्तीस डिग्रीत! घाम हनुवटीवरून टपकत होता, पण काढलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सापडली गळती. भांड्यांचं लिक्विड पाण्यात कालवलं, स्प्रेच्या बाटलीत भरलं आणि एकेका सांध्यावर मारत सुटले. मागच्या सीटशी ब्रेकच्या नळीवर बुडबुडे! का? तर तिथे अनिमेषने कॅमेऱ्याचा चिमटा आवळला होता. व्हिडिओत स्वतःचा चेहरा नीट यावा म्हणून. ज्या नळीवर ब्रेक चालतात त्या नळीला! उंटावरचा शहाणा म्हणावं, तर उंट तरी काही कामाचा असतो.

अभय टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, ‘तरीच मागून फुसफुस यायची.’ कधीपासून? ‘झाले की दोन-तीन आठवडे.’ मग बोलला का नाहीस? ‘तू कामात होतीस ना.’ दिवसभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका शोधतो आणि स्वतःच्या पाठीमागची फुसफुस याला सांगवत नाही. बोलले मग. चांगलंच बोलले. टॉर्च ठेवून कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला गेला तो तासाने उगवला. तीही गार.

१७ सप्टेंबर

अवनीने विषय काढलाच. अठरा पूर्ण झाली, आता बाबांबरोबर उडायचं. दिवाळीच्या सुट्टीच्या दिवशी. दर महिन्याला उबीनला सायकली घेऊन जातो, ते बेट एकदा वरून बघायचंय म्हणे. अभयने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

शेवटी हो म्हटलं. एका अटीवर — आधी मी विमान नखशिखांत तपासणार आणि माझी सही झाली तरच ती मागे बसणार. अनिमेषची खात्री नको, अभयची खात्री नको. माझी सही.

‘अय्यो आई, यू ऑल्वेज लाइक दॅट वन, लाह,’ म्हणाली. म्हणू दे.

२३ सप्टेंबर

अनिमेषने रशियन मॅन्युअल फोनवर धरून भाषांतर केलं आणि मला पाठवलं. ‘इंजिनास हाताने प्रेमाने वळवावे.’ खाली त्याचा प्रश्न — ‘हे काय असतं, वहिनी?’

दोन वर्षं विमान बाळगतोय हा माणूस! शंभरदा सांगितलंय. या इंजिनाचे नऊ सिलिंडर गोल मांडलेले. खालचे उलटे लोंबतात. विमान दोन दिवस उभं राहिलं की ऑइल ओघळून त्या खालच्यांत साचतं. ऑइल काही हवेसारखं दाबलं जात नाही. म्हणून सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने, सावकाश, चालत्या दिशेनेच फिरवायचा. अडला तर थांबायचं, खालचे प्लग काढायचे, ऑइल वाहू द्यायचं. उलटा फिरवायचा नाही — कधीच नाही! उलटा फिरवला की अडत नाही, छान मोकळा वाटतो. कारण ऑइल हवा आत येण्याच्या नळीत ढकललं जातं आणि तिथे दबा धरून बसतं. पुढच्या स्टार्टला परत आत. मग पिस्टनला जागा मिळत नाही आणि त्याचा दांडा वाकतो.

त्याला पुन्हा लिहिलं हे सगळं. त्याने अंगठा पाठवला.

२८ सप्टेंबर, रविवार

अख्खा दिवस हँगरमध्ये एकटी. ब्रेक नीट, हवा टिकते, फिल्टर स्वच्छ. कुणी प्रश्न विचारलेला नाही, कुणी फोटो काढलेला नाही.

मला हे यंत्र आवडतं. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. कामावरची जेट्स लॅपटॉप जोडला की स्वतःच्या तक्रारी इंग्रजीत सांगतात. याला हात लावून, वास घेऊन, कान देऊन विचारावं लागतं, आणि मग ते खरं बोलतं. माणसांच्या बाबतीत एवढी मेहनत परवडत नाही.

३० सप्टेंबर

वल्लरीचा फोन. अनिमेषची बायको. दसऱ्याला विमानाची पूजा करायचीय! गाड्यांची करतात तर विमानाची का नाही? लिटिल इंडियातून झेंडू आणणार, हार ओवणार, रांगोळी काढणार. हँगरमध्ये रांगोळी! जिथे मी जमिनीवर वॉशरसुद्धा पडू देत नाही, तिथे ही बाई पूड सांडणार.

सांगितलं: नारळ बाहेर फोडा, अक्षता इंजिनापासून लांब, कुंकू रंगावर नको. ‘हो ताई, हो ताई.’ तिच्या आवाजात सदा एक माफी मागण्याचा सूर असतो. चीड येते मला त्याची.

२ ऑक्टोबर, दसरा

कामावर होते. विमान आमच्या इमारतीच्या मागच्याच हँगरमध्ये. वल्लरीने दोनदा फोन केला — ‘ताई, पाचच मिनिटं या ना. हळदीकुंकू तुमच्या हातचं वाहू.’ शिफ्ट आहे म्हटलं. होतीही. पण पाच मिनिटं निघाली असती. नाही गेले. अभय अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला, अवनी पॉलिटेक्निकमधून गेली. हौसेला मोल नाही!

संध्याकाळी फोटो आला. अनिमेष जॅकेटमध्ये. वल्लरी पैठणीत. अभय ओशाळा हसतोय. मध्ये विमान, नाकावर झेंडूचा हार, वरच्या पात्याला आंब्याची पानं.

वरच्या पात्याला?

रविवारी मी प्रोपेलर आडवा ठेवून आले होते. दोन पाती, एक डावीकडे, एक उजवीकडे. फोटोत ती उभी आहेत.

४ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. पातं उभं कोणी केलं?

अभय वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, ‘अनिमेषने केलं असेल. हार घालायला.’ अनिमेषला फोन लावला. ‘अभय आहे का शेजारी?’ त्याने आधी विचारलं. मग — ‘हो वहिनी, मीच. फोटोत बरं दिसावं म्हणून.’ कुठल्या दिशेने फिरवलं? ‘आठवत नाही.’ आठवत नाही! स्टार्ट तर केलं नाही ना? ‘छे छे, वहिनी. स्टार्ट कसं करू?’

अभयलाही विचारलं. नाही म्हणाला.

५ ऑक्टोबर, रविवार

खालचे प्लग काढले. थोडं ऑइल आलं, तेवढं येतंच. मग आतल्या हवेच्या नळ्या सोडवल्या — भदाभदा! वाटीभर काळं ऑइल. म्हणजे उलटाच फिरवला. देवासमोर, हार घालून, फुलं वाहून उलटा फिरवला! कुणी तसाच स्टार्ट केला असता तर?

ती वाटी घरी आणली. जेवणाच्या टेबलावर ठेवली. अभय बघत राहिला, जेवला नाही. अवनी उठून खोलीत गेली. बरं झालं, म्हटलं, कळू दे दोघांना कुणाशी मैत्री आहे ते.

११ ऑक्टोबर, शनिवार

अनिमेष बँकेतल्या चार पाहुण्यांना विमान दाखवायला घेऊन आला. मी शिडीवर होते. खाली उतरले, हात पुसले, आणि सगळ्यांसमोर विचारलं — ‘यांनी सांगितलं का तुम्हाला, विमान फोटोसाठी असतं म्हणून?’ मग इंग्रजीत सगळं सांगितलं. पातं, ऑइल, वाटी. पाहुणे जमिनीकडे बघत होते. मी थांबले नाही. म्हटलं, ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने ट्रायसिकल घ्यावी. यापुढे माझ्या परवानगीशिवाय त्याने विमानाला हात लावायचा नाही.

उलट बोलेल असं वाटलं होतं. नाही बोलला. ‘सॉरी वहिनी. नाही लावणार.’ एवढंच. जॅकेट काढून हातावर घेतलं आणि पाहुण्यांना घेऊन गेला. अभय दारापाशी उभा होता. मित्राकडे एकदा बघेल की नाही! खाली मान.

कणा नाही. एकालाही नाही.

१२ ऑक्टोबर

इंजिन सुरू केलं. नऊच्या नऊ सिलिंडर पेटले, दाब बरोबर, तापमान बरोबर. सुरुवातीला थोडी थरथर वाटली, पण गरम झाल्यावर कमी झाली. इतके दिवस उभं होतं, अंग आखडलं असणार.

१५ ऑक्टोबर

वल्लरीने चकल्या पाठवल्या. चिठ्ठी नाही, फोन नाही. अभयच्या हाती डबा. इतकं झाल्यावर चकल्या! मला अशी माणसं कळतच नाहीत. चकल्या मऊ पडल्या होत्या. ह्युमिडिटी!

१८ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा सगळं पाहिलं. हवा, ब्रेक, चाकं, पट्टे. मागच्या सीटचे पट्टे स्वतः बसून ओढून पाहिले, अवनीच्या उंचीला लावले. इंजिन पुन्हा चालवलं. ती थरथर आहे, पण रशियन इंजिन म्हणजे काही शिलाई मशीन नव्हे.

अभयला विचारलं, आणखी काही सांगायचंय? काही ऐकलंस, काही वाटलं? तोंड उघडलं त्याने. मग म्हणाला, ‘तू बघितलंयस ना? मग झालं.’ हेच! स्वतःचं डोकं म्हणून वापरायचं नाही. म्हटलं, हो, मी बघितलंय, म्हणूनच झालंय, नाहीतर तुम्ही दोघांनी कधीच आपटलं असतं.

सही केली.

१९ ऑक्टोबर

उद्या पहाटे अंघोळी, मग थेट सेलेटार. अवनी टोपी, गॉगल, सगळं मांडून बसलीय. आज जरा गप्प आहे. पहिल्यांदा जाताना होतं तसं.

२० ऑक्टोबर, पहिली अंघोळ

उटणं लावून झालं होतं, दोघं निघायच्या बेतात. वल्लरीचा फोन. घेणार नव्हते. रडत होती. ‘ताई, रागावा हवं तर, पण अवनीला पाठवू नका.’ मग एका दमात सांगितलं. पातं अनिमेषने नाही, अभयदादांनी फिरवलं. पूजा झाल्यावर मुहूर्त म्हणून स्टार्टही त्यांनीच दिला. एकदाच हललं, आत दणका बसला आणि थांबलं. मग फोटोसाठी पुन्हा उभं केलं. ‘तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं, ताई. अनिमेष म्हणाला, माझ्यावर घ्या, मला तशाही त्या बोलतातच.’

एकटीच हँगरवर गेले. प्लगच्या भोकांतून काडी घालून प्रत्येक पिस्टन किती वर येतो ते पाहिलं. बाकी सगळे सारखे. खालचा पाच नंबर कमी येतो. दांडा वाकलाय. वर गेल्यावर कधीही तुटला असता.

घरी आले. अभय खुर्चीत बसून होता. म्हणाला, ‘सांगितलं असतं तर चार लोकांत सालटी काढली असतीस माझी.’

काढली असती.

अवनीही होती त्या दिवशी तिथे. तिनेही दणका ऐकला होता. विचारलं, आणि तरी बसणार होतीस?

‘यू साइन्ड ऑलरेडी, व्हॉट,’ म्हणाली.